घरच्या मोठ्या दृक्‌श्राव्य संग्रहासाठी नॅस कसा उभारावा

माझ्या वडिलांनी १९८४ ते १९९९ या काळात गावच्या हरिनाम सप्ताहातील कीर्तने, घरी झालेल्या गाण्याच्या बैठकी आणि आजीच्या जात्यावरच्या ओव्या साध्या टेपरेकॉर्डरवर ध्वनिमुद्रित करून ठेवल्या. तासाभराच्या सुमारे ३२० कॅसेट, त्यानंतरच्या काळातील कॅमेऱ्याच्या ४५ मिनी डीव्ही फिती, साठ हजारांच्या घरात गेलेली छायाचित्रे आणि कपाटभर डीव्हीडी असा आमचा संग्रह आहे. तो एका जागी आणून घरातल्या सर्वांना पाहता-ऐकता यावा, यासाठी मी नॅस उभारला. नॅस म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेली, दिवसरात्र चालू राहणारी डिस्कांची पेटी. ती विकत आणणे हा या कामातला सोपा भाग आहे. अवघड निर्णय त्याच्या आधी आणि नंतर घ्यावे लागतात, म्हणून या लेखात भर त्यांच्यावरच आहे.

पहिले काम कागद-पेन्सिलीचे आहे. संग्रहाचे दोन भाग करावेत: पुन्हा मिळू शकेल ते आणि पुन्हा कधीच मिळणार नाही ते. चित्रपटाची डीव्हीडी कपाटात आहे, त्यामुळे तिची फाइल गेली तर काही तासांचे श्रम वाया जातील, एवढेच. आजीच्या ओव्यांची फाइल गेली आणि दरम्यान कॅसेटला बुरशी लागली, तर तो आवाज संपला. पुढे डिस्क किती घ्यायच्या, प्रती किती ठेवायच्या, कोणाला काय पुसता येईल, हे सर्व या विभागणीवरून ठरते. ती न करता सरसकट सर्वच गोष्टींना सारखे संरक्षण द्यायला गेले की खर्च आवाक्याबाहेर जातो, आणि मग कंटाळून कशालाच नीट संरक्षण दिले जात नाही.

किती जागा लागेल

कॅसेटचे ध्वनिमुद्रण २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झ या दर्जाने केले, तर एका तासाला सुमारे १ जीबी लागते. फ्लॅक या प्रकारात साठवले तर आवाजाची काहीही हानी न होता त्याहून कमी जागा पुरते, पण हिशेब मूळ आकाराचाच धरावा. मिनी डीव्हीच्या एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात. आमच्याकडे कॅसेटचे ३२० जीबी, फितींचे ५८५ जीबी आणि छायाचित्रांचे सुमारे ३०० जीबी, म्हणजे पुन्हा न मिळणारा ऐवज साधारण १.२ टीबी भरला. सरासरी ६ जीबीच्या ४०० डीव्हीडी धरल्या, तर पुन्हा मिळणारा भाग २.४ टीबी होतो. एकूण ३.६ टीबी. संग्रह वाढतच जातो, म्हणून आजच्या गरजेच्या दुप्पट जागा घ्यावी, असे माझे मत आहे. त्या हिशेबाने ८ टीबीच्या दोन डिस्क पुरतात. ८ टीबीची डिस्क विंडोजमध्ये सुमारे ७.२७ टीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते.

डिस्क घेताना ती सीएमआर प्रकारची, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर न चढवता शेजारी-शेजारी लिहिणारी, आहे याची खात्री निर्मात्याच्या माहितीपत्रकातून करून घ्यावी. एसएमआर प्रकारात माहितीचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळे एक पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून संपूर्ण माहिती पुन्हा उतरवण्याची वेळ येते, तेव्हा अशी डिस्क फार रखडते. दोन डिस्क शक्यतो वेगवेगळ्या दुकानांतून किंवा महिन्याभराच्या अंतराने घ्याव्यात, म्हणजे एकाच खेपेतील दोष दोन्हींत येण्याचा धोका घटतो. आणल्याबरोबर प्रत्येक डिस्कची स्मार्ट पद्धतीची (डिस्कमध्येच असलेल्या स्व-तपासणीच्या सोयीची) विस्तृत तपासणी चालवावी. ८ टीबीच्या डिस्कला त्यासाठी अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागतो, पण संग्रह चढवण्यापूर्वी तो जरूर द्यावा. पुढेही अहवालातील ५ आणि १९७ या क्रमांकांच्या नोंदींवर लक्ष ठेवावे. पहिली नोंद बदलून दिलेल्या खराब तुकड्यांची आणि दुसरी वाचता न आलेल्या, निर्णय व्हायच्या तुकड्यांची असते. हे आकडे शून्यावरून वर सरकू लागले की नवी डिस्क मागवावी.

पेटी दोन प्रकारे मिळते. सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपसारखी तयार पेटी घेतली, तर तासाभरात काम सुरू होते. जुन्या संगणकावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट ही मोफत प्रणाली चढवली, तर पैसे वाचतात, पण देखभाल आपल्यालाच शिकावी लागते. घरात ही आवड असलेली एकच व्यक्ती असेल, तर मी तयार पेटीच सुचवीन, कारण ती व्यक्ती परगावी असतानाही घरच्यांना पेटी हाताळता आली पाहिजे. जुना टीव्ही नव्या प्रकारच्या चित्रफिती दाखवू शकत नसेल, तर ते रूपांतर पेटीला आयत्या वेळी करावे लागते, म्हणून हे काम परस्पर उरकणारा प्रोसेसर तिच्यात आहे का, तेवढे पाहून घ्यावे.

आरसा म्हणजे बॅकअप नव्हे

दोन डिस्कांवर तीच माहिती एकाच वेळी लिहिण्याच्या रचनेला रेड १ किंवा आरसा म्हणतात. एक डिस्क बंद पडली तरी दुसरीवरून काम चालू राहते, आणि घरगुती पेटीसाठी ही सर्वांत समजण्यासारखी रचना आहे. तिच्याकडून याहून जास्त अपेक्षा मात्र ठेवू नये. माझ्या चुलतभावाने एकदा जागा मोकळी करण्याच्या सद्‌हेतूने १९९१ च्या सप्ताहाचा फोल्डर दुबार प्रत समजून पुसला. आरशाने आपले काम चोख केले: तो फोल्डर दोन्ही डिस्कांवरून त्याच क्षणी गेला. मूळ २२ कॅसेट सुदैवाने शाबूत होत्या. कॅसेट घाईने उतरवता येत नाही, ती तिच्या वेगानेच वाजते, म्हणून पुढचे २२ तास मी पुन्हा टेपरेकॉर्डरजवळ बसून काढले. दोन कॅसेटच्या फितीचा लेप मधल्या काळात झडू लागला होता, आणि त्या भागात आता पहिल्या वेळेपेक्षा खरखर जास्त आहे.

म्हणून पेटी पहिल्यांदा सुरू करतानाच बीटीआरएफएस किंवा झेडएफएस ही फाइलप्रणाली (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) निवडावी आणि स्नॅपशॉटचे वेळापत्रक लावावे. स्नॅपशॉट म्हणजे त्या क्षणीच्या संग्रहाची गोठवलेली स्थिती; बदललेल्या भागापुरतीच जागा लागत असल्याने तो फार महाग पडत नाही. मी रोजचे ३० आणि महिन्याचे १२ स्नॅपशॉट ठेवतो. याच फाइलप्रणाली प्रत्येक तुकड्याची पडताळणी-संख्या जपतात, त्यामुळे महिन्यातून एकदा स्क्रब, म्हणजे सर्व तुकड्यांची फेरतपासणी, चालवला की कोणाच्याही नकळत बिघडलेली फाइल ओळखता येते आणि दुसऱ्या डिस्कवरील चांगल्या प्रतीवरून दुरुस्त होते.

त्याच बैठकीत वापरकर्ते ठरवावेत. टीव्हीसाठी आणि घरातील इतरांसाठी केवळ वाचण्याची परवानगी असलेली खाती असावीत, आणि लिहिण्या-पुसण्याची परवानगी एका वेगळ्या खात्याला असावी, जे रोजच्या वापरात नसेल. मी स्वतःसुद्धा ऐकताना वाचनापुरतेच खाते वापरतो.

केबल, वीज आणि हवा

पेटी वाय-फायवर न ठेवता राउटरला केबलने जोडावी. गिगाबिट जोडणीवर प्रतिसेकंद सुमारे ११० एमबी वेग प्रत्यक्षात मिळतो, म्हणजे आमचा ३.६ टीबीचा संग्रह नऊ-साडेनऊ तासांत चढायला हवा होता. पहिल्या रात्री वेग ११ एमबीच्या वर जाईना. त्या गतीने चार दिवस लागले असते. डिस्क, पेटी, राउटर सगळे तपासून झाल्यावर भिंतीतील सॉकेटची पट्टी उघडली, तेव्हा कारण सापडले. वायरमनने केबलमधील चार जोड्यांपैकी केशरी आणि हिरवी अशा दोनच जोड्या बसवल्या होत्या, आणि निळी व तपकिरी जोडी कापून मागे दुमडून ठेवली होती. दोन जोड्यांवर १०० मेगाबिटची जोडणी चालते, गिगाबिटला चारही लागतात. इंटरनेटचा वेगच कमी असल्याने इतकी वर्षे हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. कॅट ५ई दर्जाची केबल गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते, तेव्हा भिंती फोडण्यापूर्वी टोके तपासावीत.

वीज अचानक गेली तर लिहिणे अर्धवट राहून फाइलप्रणालीला इजा होऊ शकते. त्यासाठी यूएसबी तारेने पेटीशी बोलणारा छोटा यूपीएस घ्यावा आणि बॅटरी उतरू लागताच पेटीने स्वतःहून व्यवस्थित बंद व्हावे, अशी मांडणी करावी. घरात इन्व्हर्टर असेल, तर त्याच्या मागचे बटण यूपीएस स्थितीत आहे का ते पाहावे, कारण दुसऱ्या स्थितीत वीज बदलताना जो क्षणाचा खंड पडतो, तो पंख्याला जाणवत नाही पण पेटीला जाणवतो. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की तांब्याच्या तारेने येणारे इंटरनेट असल्यास ती तार काढून ठेवावी. फायबरच्या धाग्यातून विजेचा लोळ येत नाही. दोन डिस्कांची पेटी २० वॅटच्या आसपास वीज घेते, म्हणजे महिन्याला १४-१५ युनिट.

पेटी टीव्हीखालच्या बंद कपाटात कोंडू नये. चालू पेटी स्वतःच्या उबेने बऱ्यापैकी कोरडी राहते. कोकणात पावसाळ्याची खरी झळ कपाटात ठेवलेल्या बॅकअप डिस्कला आणि मूळ कॅसेटना लागते. त्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवाव्यात आणि मृगाच्या आधी पुड्या बदलाव्यात.

फाइलींची नावे

मराठी संग्रहाची स्वतःची अशी एक अडचण आहे. 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन रीतींनी साठते: एक स्वतंत्र संकेत म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांनी. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण लिनक्सवर चालणाऱ्या पेटीला ती दोन निराळी नावे वाटतात. जुन्या मॅकच्या डिस्कवर नावे फोडलेल्या रीतीने साठत असत, त्यामुळे तिथून आणि विंडोजमधून अशा दोन्हीकडून फाइली उतरवल्यावर माझ्याकडे 'दुसऱ्या दिवसाचे कीर्तन' या नावाच्या दोन फाइली शेजारी-शेजारी उभ्या राहिल्या, आणि शोधल्यावर त्यांतली एकच सापडे. कन्व्हएमव्ही हे लिनक्सवरील छोटे साधन सर्व नावे एकसंध रीतीत आणते. संग्रह चढवल्यावर ते एकदा चालवावे.

नावाच्या लांबीचीही मर्यादा असते. लिनक्सच्या बहुतेक फाइलप्रणालींत ती २५५ बाइट आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, वेलांटी आणि हलंतही त्यात वेगळे मोजले जातात. 'सप्ताह' या शब्दात आपल्याला तीन अक्षरे दिसतात, संगणक १८ बाइट मोजतो. कुलूपबंद केलेल्या फोल्डरांत काही पेट्यांवर हीच मर्यादा १४३ बाइटवर येते, म्हणजे जेमतेम ४७ चिन्हे. त्यामुळे नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, नंतर प्रसंग आणि व्यक्ती एवढेच ठेवावे, आणि सविस्तर माहिती शेजारच्या मजकूर-फाइलीत लिहावी. अंक मराठी वापरायचे की इंग्रजी ते एकदाच ठरवावे, कारण मिसळ झाली तर क्रमवारीत त्यांचे दोन वेगळे गट पडतात.

टीव्हीवर पाहण्यासाठी जेलिफिन ही पेटीवर चालणारी, संग्रह टीव्हीवर दाखवणारी मोफत आज्ञावली पुरेशी आहे. घरच्या चित्रणांसाठी त्यात वेगळा संच करून इंटरनेटवरून माहिती आणण्याची सोय बंद ठेवावी, नाहीतर ते लग्नाच्या चित्रणाला भलत्याच चित्रपटाचे पोस्टर लावते.

बाहेरून पाहणे आणि दुसरी जागा

पेटी थेट इंटरनेटवर उघडी करू नये. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने अशाच उघड्या ठेवलेल्या घरगुती पेट्यांमधील फाइली कुलूपबंद केल्या होत्या. परदेशी असलेल्या नातलगांना संग्रह दाखवायचा असेल, तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखा खाजगी बोगदा (व्हीपीएन), म्हणजे फक्त आपल्या माणसांनाच आत येता येईल अशी कुलूपबंद वाट, वापरावा. आपल्याकडील अनेक इंटरनेट जोडण्यांना बाहेरून थेट पोहोचता येईल असा स्वतंत्र पत्ता नसतो. टेलस्केल अशा जोडणीवरही चालते.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम पुन्हा न मिळणाऱ्या भागाला काटेकोरपणे लावावा. आमचा तो १.२ टीबीचा ऐवज २ टीबीच्या खिशातल्या डिस्कवर मावतो. अशा दोन डिस्क आहेत: एक माझ्या कपाटात आणि एक ताईच्या घरी, दुसऱ्या गावात. गौरी-गणपतीला आणि दिवाळीला आम्ही भेटतो, तेव्हा त्यांची अदलाबदल होते. दोन्हींना परवलीचा शब्द आहे आणि तो कागदावर लिहून आईच्या कपाटात ठेवला आहे. अदलाबदलीच्या दिवशी ताईकडून आलेली डिस्क जोडून तिच्यावरील कोणत्याही तीन फाइली शेवटपर्यंत वाजवून पाहायच्या, हा आमचा रिवाज आहे. त्यांपैकी एक नेहमी ओव्यांची असते, कारण ती आईला ऐकायची असते.

पेटीवर मी एक कागद चिकटवला आहे. हिरवा दिवा म्हणजे सर्व ठीक, केशरी लागला तर मला फोन करावा, जळका वास आला तर पुढचे बटण न दाबता थेट भिंतीवरचा स्विच बंद करावा, आणि परवलीचा शब्द कुठे आहे, एवढे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले आहे.