एमएसमधील विस्मरणाच्या तपासणीला जाण्यापूर्वीची तयारी

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंचे आवरण खराब करणारा आजार असलेल्या रुग्णाचा ओपीडीतला वेळ बहुधा चालणे, तोल, नजर आणि लघवीच्या तक्रारी सांगण्यातच संपतो. या आजारात जवळपास निम्म्या रुग्णांना विचारांचा वेग मंदावणे किंवा नवी गोष्ट लक्षात न राहणे असा त्रास कमी-अधिक प्रमाणात होतो. परंतु रुग्ण नीट बोलत असल्यामुळे हा त्रास समोरच्याला दिसत नाही. म्हणूनच विस्मरणाच्या तपासणीला रिकाम्या हाताने जाऊ नये.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम नोंदींचे आहे. भेटीच्या दोन-तीन आठवडे आधी एक वही घालावी आणि तीत ‘हल्ली विसरायला होते’ असे मोघम न लिहिता प्रसंग लिहावेत: कुकरच्या शिट्ट्या मोजताना कुणी हाक मारली आणि मोजणी सुटली, बँकेतल्या माणसाने सलग तीन गोष्टी सांगितल्या, त्यांतली पहिलीच लक्षात राहिली, घरात दोघे एकदम बोलू लागले तेव्हा प्रश्न कळला, पण उत्तर जुळवायला वेळ लागला. हा शेवटचा प्रसंग विशेष बोलका आहे, कारण एमएसमध्ये सर्वाधिक फटका बसतो तो माहिती हाताळण्याच्या वेगाला, आणि पुरेसा वेळ दिला तर तोच माणूस पुष्कळदा अचूक उत्तर देतो. घरचे याला आळस किंवा बेफिकिरी म्हणतात, तेव्हा रुग्णावर फार अन्याय होतो. घरातल्या एका व्यक्तीने आपल्या नोंदी स्वतंत्रपणे, रुग्णाची वही न पाहता लिहाव्यात. काहींना स्वतःतला बदल जाणवत नाही, तर मन खचलेले असेल तर आहे त्याहून अधिक जाणवतो. दोन्ही बाजू डॉक्टरांसमोर असणे आवश्यक आहे.

औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर प्रत्यक्ष पाकिटेही पिशवीत घ्यावीत. लघवीसाठीचे ऑक्सिब्युटिनिन, स्नायूंच्या ताठरपणासाठीचे बॅक्लोफेन, वेदनांसाठीचे गॅबापेंटिन किंवा झोपेसाठीचे क्लोनाझेपाम यांमुळेही डोके जड होऊ शकते. मात्र त्यांतले कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. बॅक्लोफेन एकदम थांबवणे तर धोक्याचे ठरते. थायरॉइड आणि बी-१२चे ताजे रिपोर्ट, झोपेची तक्रार, उदासी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाची शंका यांचा उल्लेख आवर्जून करावा, कारण ही कारणे उपचारांनी दूर होण्यासारखी असतात.

एमआरआयचा केवळ रिपोर्ट पुरत नाही. जुन्या-नव्या फिल्म किंवा सीडी तारखेच्या क्रमाने लावून न्याव्यात. मज्जातंतूंवरील मायलिनचे आवरण निघाल्याने मेंदूच्या पांढऱ्या द्रव्यात, म्हणजे जोडणाऱ्या तंतूंच्या भागात, डाग पडतात आणि मेंदूच्या दूरच्या भागांमधली देवाणघेवाण मंदावते. याखेरीज करड्या द्रव्याची, म्हणजे चेतापेशींच्या भागाचीही झीज होते. विशेषतः थॅलॅमस हा भाग आजाराच्या आरंभीच आकसू लागतो, आणि मेंदूच्या बाह्य थरातले डाग नेहमीच्या एमआरआयवर बहुतेक वेळा दिसतच नाहीत. त्यामुळे ‘डाग थोडेच आहेत, मग विस्मरण कसे?’ असा निष्कर्ष घरी बसून काढू नये. मेंदूच्या आकारमानात फरक पडला आहे का, हे डॉक्टरांना थेट विचारावे.

तपासणीची वेळ शक्यतो सकाळची मागावी, कारण दुपारनंतर थकवा वाढतो आणि उन्हाने लक्षणे तात्पुरती बळावतात. आदली रात्र झोपेची असावी, पोटात काही असावे, चश्मा विसरू नये. नुकताच एमएसचा अटॅक येऊन स्टिरॉइडचा कोर्स झाला असेल तर ते आधीच कळवावे, म्हणजे गरज वाटल्यास तारीख पुढे नेता येते. सर्वाधिक वापरात असलेल्या एका चाचणीत नऊ चिन्हे आणि त्यांचे अंक दिलेले असतात, आणि ९० सेकंदांत जास्तीत जास्त जोड्या जुळवायच्या असतात. हात थरथरत असेल तर उत्तरे तोंडी देता येतात. तिचा सराव मोबाइलवर करून जाऊ नये, कारण सरावाने गुण वाढतात आणि खरी अडचण झाकली जाते. शिक्षण किती आणि कोणत्या माध्यमातून झाले, हे सुरुवातीलाच सांगावे, कारण गुणांचा अर्थ त्यानुसार लावावा लागतो. सोबतच्या माणसाने उत्तर सुचवू नये, शक्यतो बाहेरच थांबावे.

निघताना प्रत्यक्ष गुण, तारीख आणि चाचणीचे नाव असलेली प्रत मागून घ्यावी. ही तपासणी दरवर्षी करावी अशी तज्ज्ञांची शिफारस आहे, आणि चिन्हांच्या या चाचणीत चार गुणांची घटही सहसा दखल घेण्याजोगी मानली जाते. जुना आकडा हाताशी नसेल तर ती घट कळणार कशी? नोकरी करणाऱ्यांनी डॉक्टरांकडून पत्र घेताना त्यात पायांच्या अशक्तपणाबरोबर आकलनाच्या वेगाची अडचण वेगळ्या वाक्यात लिहून मागावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत एमएसचा समावेश आहे. तरीही कामाच्या सूचना लेखी देणे किंवा एका वेळी एकच काम सोपवणे अशा सवलती मागताना पत्रातले ते वाक्यच उपयोगी पडते.