स्पेका दीर्घिका शोधताना या चुका टाळा

ठाण्यातल्या कॉलेजच्या मुलांना रेडिओ आकाशाचे नकाशे वाचायला शिकवताना मी सुरुवात स्पेकापासून करतो. कन्या राशीतली ही दीर्घिका सुमारे 170 कोटी प्रकाशवर्षांवर आहे आणि एका दीर्घिकासमूहातली सर्वांत तेजस्वी सदस्य आहे. खगोलशास्त्रज्ञ आनंद होता (होता हे आडनाव) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली तिचा शोध जाहीर केला. त्यात नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांचा मोठा वाटा होता. तिच्याभोवती रेडिओ लोबच्या, म्हणजे मधल्या कृष्णविवराजवळून निघालेल्या झोतांनी दोन बाजूंना फुगवलेल्या ढगांच्या, तीन जोड्या आहेत. म्हणजे ते कृष्णविवर पेटलं, विझलं आणि असं पुन्हा पुन्हा पेटत गेलं. आपल्या मातीतल्या दुर्बिणीने दाखवलेली ही गोष्ट मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

पहिला प्रश्न ठरलेला असतो: सहा इंची दुर्बीण घेऊन येऊरला जाऊ का? नको. घोडबंदर रोडच्या उजेडात तर नाहीच, पण मुरबाडच्या पुढे अंधारात गेलात तरी इतक्या दूरची दीर्घिका एवढ्या दुर्बिणीतून डोळ्याला दिसणार नाही. आणि दिसली असती तरी लोब दिसले नसते, कारण ते रेडिओ लहरींतच चमकतात. एप्रिल-मेच्या रात्री चित्रा आणि स्वातीच्या मधला भाग बघून ‘ती तिथे आहे’ एवढं ओळखा आणि लॅपटॉप उघडा. आकाशाची सर्वेक्षण-चित्रं दाखवणारी अ‍ॅलाडिन आणि स्कायव्ह्यू ही दोन्ही साधनं फुकट आहेत.

आता सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक. दीर्घिकेचा आकाशातला पत्ता (विषुवांश आणि क्रांती) 14 तास 9 मिनिटं 48.85 सेकंद, उणे 3 अंश 2 कला 32.5 विकला असा आहे; कला म्हणजे अंशाचा साठावा भाग, विकला म्हणजे कलेचा साठावा. तिच्या समूहाच्या नावातच मात्र 212.45357 आणि उणे 3.04237 हे आकडे आहेत. जागा एकच, फक्त पहिल्या पत्त्यातला पहिला आकडा तासांत आणि दुसऱ्या पत्त्यातला अंशांत. तासाला 15 ने गुणा, जमून येईल. ते न करता कुणी 14.16 हा आकडा अंशांच्या रकान्यात टाकतो आणि भलत्याच आकाशात जाऊन पोहोचतो. कुणी उणे चिन्ह विसरतो. कुणी 2 कला 32 विकला म्हणजे 0.0232 अंश असं धरतो, तेव्हा जागा एका कलेहून जास्त सरकते आणि चौकटीच्या मधोमध भलताच ठिपका येतो. चित्र कोरं आलं की सर्व्हरला दोष देण्याआधी या तीन चुका तपासा.

पत्ता बरोबर असूनही लोब दिसत नाहीत? मग कोणता नकाशा उघडलाय ते बघा. फर्स्ट आणि एनव्हीएसएस ही रेडिओ आकाशाची दोन्ही सर्वेक्षणं अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीनेच, 1.4 गिगाहर्ट्‌झलाच केलेली. तरी फर्स्टची नजर, म्हणजे ओळखता येणारा सर्वांत बारीक तपशील, सुमारे 5 विकलांची, एनव्हीएसएसची 45 विकलांची. फर्स्टच्या वेळी अँटेना दूरदूर मांडलेल्या होत्या. त्यामुळे बारीक तपशील मिळतो, पण पसरट, फिका प्रकाश हातातून निसटतो. फर्स्टमध्ये आतली जोडी शोधा, बाहेरची एनव्हीएसएसमध्ये. नुसता फर्स्ट बघून ‘बाहेर काही नाही’ असं लिहिणं ही माझ्या मते या विषयातली सर्वांत वाईट चूक, कारण चित्र सुबक दिसतं आणि शंकाच येत नाही. जुन्या लोबमधले इलेक्ट्रॉन ऊर्जा गमावत जातात, त्यामुळे ते लोब कमी वारंवारितेला अधिक उठून दिसतात. म्हणूनच जीएमआरटीचं 325 मेगाहर्ट्‌झचं निरीक्षण इथे मोलाचं ठरलं. चौकटही ऐसपैस ठेवा, पंधरा-वीस कलांची.

उलटी चूकही होते: जिथे तिथे लोब दिसायला लागतात. समोच्च रेषा (सारख्या तेजाच्या जागा जोडणाऱ्या) गोंगाटाच्या तिप्पट पातळीखाली सुरू केल्या की नुसता गोंगाटही झोतासारखा वाटतो. आणि शेजारचा प्रत्येक ठिपका स्पेकाचाच असतो असं नाही. मागे कुठेतरी क्वेसार, म्हणजे खूप दूरच्या दीर्घिकेचा तळपता गाभा, असू शकतो. त्याच जागी एसडीएसएस या दृश्य प्रकाशातल्या सर्वेक्षणाच्या चित्रात स्वतंत्र दीर्घिका किंवा तारका दिसते का, ते आधी बघा. रंगांवरही जाऊ नका, रेडिओ चित्रातले लाल-पिवळे रंग आपण दिलेले असतात.

स्वरूपाबद्दल एक सांगायलाच हवं. एवढे मोठे रेडिओ लोब बहुतेक वेळा लंबवर्तुळाकार दीर्घिकांपाशी सापडतात, म्हणून मुलं डोळे झाकून तेच लिहितात. स्पेकाला चकती आहे. शोधनिबंधात तिला सर्पिल म्हटलंय, काही ठिकाणी भिंगाकार (चकती असलेली, पण भुजा नसलेली) अशी नोंद सापडते. इतक्या अंतरावर भुजा स्पष्ट दिसत नसल्या की हा फरक धूसर होतो. अतिनील निरीक्षणांत तिथे नव्या ताऱ्यांची खूण मिळते, हे अशा समूहाच्या मध्यातल्या दीर्घिकेसाठी विशेषच. त्यामुळे वहीत ‘लंबवर्तुळाकार’ न लिहिता ‘चकती आहे’ लिहा आणि कोणत्या चित्रावरून म्हणताय तेही लिहा.

खोडदला जायचं असेल तर 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला भरणारं प्रदर्शन साधा. ठाण्याहून कल्याण, मुरबाड, माळशेज घाटमार्गे आळेफाटा गाठता येतो. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, पण कुठेही डोळा लावायची जागा नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. आणि तिथल्या परिसरात मोबाईल बंद ठेवा. दूरच्या दीर्घिकेचा संदेश त्याच्यापुढे फारच क्षीण असतो.