टायरच्या ट्रेडवरील नक्षीची नोंदणी कशी करावी

टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या पृष्ठभागावरील, म्हणजे ट्रेडवरील, खाचा पाणी बाहेर काढतात आणि ठोकळे पकड देतात. त्यामुळे ट्रेडमध्ये सगळेच उपयोगाचे आहे, नोंदवण्यासारखे त्यात काय, असा समज आढळतो. परंतु तेवढेच पाणी अनेक निरनिराळ्या मांडण्यांतून बाहेर जाऊ शकत असेल, तर त्यांपैकी एकीची निवड ही नजरेची निवड ठरते, आणि डिझाइन कायदा, २००० संरक्षण देतो ते केवळ नजरेला जाणवणाऱ्या रूपाला. याला सर्रास ‘डिझाइन पेटंट’ म्हटले जाते; तो अमेरिकी वापर आहे, आपल्याकडे ही स्वतंत्र कायद्याखालची नोंदणी आहे.

अर्ज दाखल होईपर्यंत नक्षी उघड होऊ देऊ नये. विक्रेत्यांना वाटलेले माहितीपत्रक किंवा समाजमाध्यमावरील एखादे छायाचित्रही नोंदणीसाठी लागणारे नावीन्य संपवण्यास पुरेसे ठरते, मग ते परदेशात प्रसिद्ध झालेले का असेना. साचा तयार करणाऱ्या कारखान्याशी गोपनीयतेचा लेखी करार आधी करावा.

खरी मेहनत आकृत्यांवर घ्यावी लागते. संपूर्ण टायरचे तिरप्या कोनातून दिसणारे दृश्य, समोरचे व मागचे दृश्य आणि दोन्ही बाजूंची दृश्ये द्यावीत. खाचेचे वळण एका दृश्यात एक आणि दुसऱ्यात निराळे दिसल्यास आक्षेप हमखास येतो. साइडवॉलवरील, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवरील, नाव, आकाराचे अंक आणि बोधचिन्ह शक्यतो काढूनच टाकावे, अन्यथा त्या शब्दांवर व अंकांवर हक्क सांगत नसल्याचे निवेदन जोडावे लागते. आकृत्यांच्या प्रत्येक पानावर नावीन्याचे निवेदन असावे: ‘आकृत्यांत दाखवल्याप्रमाणे टायरच्या ट्रेडवरील नक्षीत नावीन्य आहे.’ येथे ‘ओल्या रस्त्यावर उत्तम पकड’ असे लिहिण्याचा मोह आवरावा, कारण त्या एका वाक्याने अर्जदार स्वतःच आपली नक्षी केवळ यांत्रिक गुणासाठी असल्याची कबुली देतो. यांत्रिक क्रियेवर किंवा रचनेच्या तत्त्वावर हक्क सांगत नसल्याचे निवेदनही त्याच पानावर द्यावे.

अर्ज नमुना १ मध्ये, डिझाइनसाठीच्या आंतरराष्ट्रीय लोकार्नो वर्गीकरणातील १२-१५ या वर्गात करावा. एका अर्जात एकच डिझाइन घेता येते. शुल्क व्यक्ती, स्टार्टअप व लघुउद्योगांसाठी १,००० रुपये, तर इतरांसाठी ४,००० रुपये आहे. अर्ज ऑनलाइन करता येतो. तपासणी पेटंट कार्यालयाच्या कोलकाता येथील डिझाइन विभागात होते. आक्षेपांचे निराकरण अर्जाच्या तारखेपासून सहा महिन्यांत करावे लागते व त्यास जास्तीत जास्त तीन महिन्यांची मुदतवाढ मिळते. ही मुदत आक्षेपपत्र हाती पडल्यापासून मोजली जात नाही, हे अनेकांच्या उशिरा ध्यानात येते.

संरक्षण दहा वर्षांचे असते आणि ती संपण्यापूर्वी अर्ज केल्यास आणखी पाच वर्षे वाढते. कोणी नक्कल केल्यास कलम २२ नुसार प्रत्येक उल्लंघनामागे २५,००० रुपयांपर्यंत रक्कम मागता येते, पण एका डिझाइनसाठी एकूण ५०,००० रुपयांपेक्षा जास्त नाही. टायरच्या धंद्यात ही रक्कम किरकोळ आहे, म्हणून नुकसानभरपाई आणि मनाईहुकूम यांचा दावा करणे बहुधा अधिक हिताचे ठरते. त्या दाव्यात मालावर नोंदणीची खूण होती का, हा प्रश्न निघतोच. तेव्हा ‘आरडी’ ही इंग्रजी अक्षरे आणि नोंदणी क्रमांक साइडवॉलच्या साच्यातच कोरून घ्यावा.