पहिली कच्ची वाट: नवशिक्या फोर-बाय-फोरवाल्याने पुण्याजवळ जागा कशी शोधावी

नवी थार किंवा जिम्नी, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी फोर-बाय-फोर गाडी, दारात आली की पहिल्याच रविवारी ती मुळशी-वेल्ह्याकडे निघते. डोंगर तिकडे आहेत ना! पण शिकायला तोच भाग सर्वांत अवघड आहे. पाऊस भरपूर, लाल माती निसरडी, वाटा उताराला आडव्या आणि बरीच जमीन वनखात्याची. पहिल्या चार-पाच खेपा उलट दिशेला करा. सासवड-जेजुरीच्या पुढे आणि शिरूर, दौंडच्या जिरायत (फक्त पावसावरच्या) पट्ट्यात मुरमाचे उघडे माळ आहेत. तिथे दूरवरचं दिसतं, पाणी लवकर निचरतं आणि चुकलंच तर चाक फार खोल जात नाही.

मात्र जिरायतच निवडा. बागायतीतल्या वाटा नकाशावर सपाट, सोप्या दिसतात, पण पाटाच्या पाण्याने तिथली काळी माती जानेवारीतही ओली असते. ऊसतोड सुरू असेल तर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी चाकोऱ्या फूटभर खोल केलेल्या असतात. शेतकऱ्याची पाइपलाइनही वाटेखालून उथळ गेलेली असते. ती फुटली की नुकसान त्याचं होतं.

शोध घरीच सुरू होतो. उपग्रह नकाशावर समांतर दोन रेषा दिसल्या तर ती चारचाकीची वाट. एकच रेषा असेल तर पायवाट किंवा दुचाकीची, ती सोडा. फिकट पिवळसर किंवा तांबूस पट्टा बहुधा मुरूम असतो, गडद पट्टा काळी माती. गूगल अर्थमध्ये जुनी चित्रंही पाहता येतात. ऑक्टोबर आणि मे, दोन्ही महिन्यांत तीच वाट ठळक असेल तर ती वापरातली आहे. त्याच ॲपमध्ये वाटेवर रेघ ओढून चढाव पाहा. शंभर मीटरमागे पंधरा मीटरपेक्षा जास्त चढ असेल तर ती वाट पुढच्या वर्षासाठी ठेवा. एकूण लांबी दोन-तीन किलोमीटर पुरे. वाटेत दर दोन-तीनशे मीटरवर गाडी वळवता येईल अशी मोकळी जागा हवी. नवशिक्याची वाट ओळखायची खरी खूण हीच: मन बदललं तर कुठूनही परत फिरता आलं पाहिजे.

मग जमीन कोणाची ते बघा. हे काम बहुतेक जण टाळतात आणि भांडणं इथेच होतात. गाव नकाशात दुहेरी तुटक रेषेने दाखवलेला रस्ता म्हणजे गाडीमार्ग, एकेरी तुटक रेषेने दाखवलेला म्हणजे पायमार्ग. दुहेरी रेषेची वाट गावाची वहिवाटीची असते, तिथून जाता येतं. रेषाच नसेल तर गट नंबर काढून सातबारा पाहा. खाजगी नाव असेल तर मालकाला विचारा, गायरान असेल तर सरपंचांना. वनविभागाचं नाव दिसलं की तो गट यादीतून काढा, जमीन कितीही उजाड दिसो. बारामती तालुक्यातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य लांबून साधा माळच वाटतो, पण ते चिंकारांचं घर आहे. कोकणातले आणि साताऱ्याकडचे सडेही (खडकाळ पठारं) वर्ज्य. तिथल्या बोटभर मातीच्या थरात पावसाळी फुलं उगवतात. एकदा उमटलेली चाकोरी तिथे वर्षानुवर्षं राहते.

धरणाच्या बॅकवॉटरचा मोह मार्च ते मेमध्ये फार होतो. पाणी हटलेलं असतं, तळ भेगाळलेला, टणक दिसतो. वरचा चार बोटांचा पापुद्रा वाळलेला असतो आणि खाली गाळ लोण्यासारखा असतो. दीड टनाची गाडी त्यातून खाली गेली की चारही चाकं एकदम बसतात. दोरी लावायला आलेली दुसरी गाडीही तिथेच रुतते. समुद्रकिनाऱ्यावर गाडी घालू नका. गोव्यात त्याला कायद्यानेच बंदी आहे आणि भरतीचं खारं पाणी चासीत शिरलं की गंज थांबत नाही.

निवडलेली वाट आधी पायी चाला. सोबत मोजपट्टी आणि अर्ध्या इंचाची लोखंडी सळई घ्या. सळई अंगाचा भार देऊन दाबा. वीतभर आत गेली तर तिथे गाडी घालू नका. माती मुठीत दाबून गोळा करा आणि अंगठ्याने टोचा. गोळा फुटला तर ठीक. पेढ्यासारखा दबला तर अजून चार-पाच दिवस थांबा. जिम्नीचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतची उंची, २१० मिलिमीटर आहे, म्हणून सळईवर १८ सेंटिमीटरची खूण करा आणि चाकोऱ्यांमधल्या उंचवट्याला लावून बघा. ट्रॅक्टर उंच असतो, तो सहज जातो. तुमच्या गाडीचा डिफरन्शियलचा (दोन चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या गिअरांचा) गोळा त्याच उंचवट्यावर टेकतो आणि चाकं हवेत फिरतात. असा तुकडा लागला तर चाकोरी सोडा: एका बाजूची चाकं उंचवट्यावर, दुसऱ्या बाजूची कडेच्या पट्टीवर. एका बाजूला कललेल्या वाटेवर मात्र हे करू नका, गाडी घसरते. कडक खडकावर पसरलेला सुटा मुरूमही नीट बघा, चढावर तो ज्वारीच्या दाण्यांसारखा पायाखालून सरकतो.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मुरूम पावसानंतर दिवसभरात सुकतो, काळ्या मातीला आठवडा द्या. मार्चनंतर वाळलेलं गवत ही मोठी भीती. इंजिन चालू ठेवून गवतात गाडी उभी केली तर तापलेल्या सायलेन्सरने गवत पेट घेतं. माळाला लागलेली आग वाऱ्याबरोबर पळते.

निघताना किमान दोन गाड्या हव्यात. पुढे-मागे चासीला पक्का बोल्ट केलेला हुक, गाडीच्या वजनाच्या दोन-तीन पट ताकदीचा पट्टा, फावडं, हवेचा कॉम्प्रेसर आणि प्रेशर गेज घ्या. टो-बॉलला (ट्रेलर जोडायच्या गोल गोळ्याला) दोरी कधीच अडकवू नका. तो तुटला तर बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. वाटेच्या तोंडाशी टायरची हवा २२ ते २४ पीएसआयवर आणा. टायर पसरतो, पकड वाढते, हादरे कमी होतात. साध्या रिमवर १८ च्या खाली गेलात तर वळणावर टायर रिममधून निसटू शकतो. वेग ३० च्या आत ठेवा.

सुट्या मुरमावर फोर-एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) पुरेसं. चढ-उतार लागला तर गाडी थांबवून, न्यूट्रल करून फोर-एल (चारही चाकांना ताकद, वेग कमी पण ओढ जास्त) टाका. उतारावर पहिला गिअर ठेवा आणि क्लचवरचा पाय काढा. क्लच दाबला की इंजिनची ओढ सुटते आणि गाडी धावते. चढावर अर्ध्यात दम गेला तर ब्रेक धरा, रिव्हर्स टाका आणि सरळ मागे या. तिथे गाडी वळवायला जाल तर ती आडवी होईल.

परतताना डांबर लागायच्या आधी टू-एच (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद) करा. थार आणि जिम्नीत पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-एचमध्ये वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी झगडतात आणि ताण शाफ्टवर येतो. हवा पुन्हा भरा. मग खाली वाकून सायलेन्सर आणि ॲक्सलभोवती गुंतलेलं गवत हाताने काढा, तापला असेल तर निवू देऊन.