हवाई लढाईच्या गेममध्ये ऐतिहासिक मिशन आळीपाळीनं कसे लावायचे

गावाकडच्या पोरांचा प्रायव्हेट सर्वर चालवत असाल तर भाऊ पहिले वेळ ठरवा, लढाई मागून. शेतीच्या फीडरची लाईन एक आठवडा दिवसा न एक आठवडा रात्री, आणि रात्रीच्या आठवड्यात अर्धी पोरं ओलितावर असतात, मग मोठी लढाई लावून उपयोग काय, चार जण येतात आणि सर्वर रिकामा दिसतो.

त्या आठवड्यात लहान मिशन लावा. बोयरा (बंगालच्या सीमेवरची हवाई लढाई), 22 नोव्हेंबर 1971, आपले 4 नॅट, म्हणजे लहान लढाऊ विमानं, विरुद्ध पाकिस्तानची सेबर विमानं. काही मिनिटांचाच खेळ आहे म्हणून एका रात्रीत तीन-चार वेळा होते. विमानावरचे नावाचे टॅग मात्र बंदच ठेवा, नॅट एवढं लहान की जवळ येईपर्यंत दिसत नाही, तोच तर त्याचा फायदा होता.

दिवसाच्या लाईनीच्या आठवड्यात शनिवारी रात्री मोठी लढाई, म्हणजे बॅटल ऑफ ब्रिटन, 1940, जर्मन विमानांचा इंग्लंडवरचा हल्ला. इथं सगळ्यात महत्त्वाचं पेट्रोल. जर्मन 109 या लढाऊ विमानाला लंडनवर लढायला जेमतेम 10-15 मिनिटं मिळायची, तर अनलिमिटेड फ्युएल बंद करा, जर्मन टीमला फ्रान्सच्या किनाऱ्यावरून उडवा आणि पॉइंट जर्मन बॉम्बरवर ठेवा, पाडला तर इंग्रजांना, वाचून परत गेला तर जर्मनांना, नाहीतर सगळे नुसते एकमेकांच्या मागं फिरत राहतात. हीच लढाई पुढच्या मोठ्या शनिवारी टीम अदलाबदल करून परत लावा आणि दोन्हीचे पॉइंट जोडून निकाल लावा, म्हणजे आम्हाला भंगार विमान दिलं अशी कटकट राहत नाही.

लोंगेवाला, म्हणजे राजस्थानच्या सीमेवरच्या चौकीची लढाई, सगळे मागतात. 5 डिसेंबर 1971 ची पहाट, जैसलमेरची आपली हंटर विमानं, रात्री लढायची सोय नव्हती म्हणून उजाडल्यावरच आली, आणि पाकिस्तानी रणगाड्यांवर त्यांच्या विमानांचं छत्र नव्हतंच. म्हणून बॅलन्सच्या नावाखाली त्यात सेबर घुसवू नका बाप्पा, मग ते लोंगेवाला राहतच नाही. मिशनचं घड्याळ सूर्योदयाआधी थोडं लावा, रणगाडे कॉम्प्युटरकडे द्या, दोन्ही टीमनी पाळीपाळीनं अर्धा-अर्धा तास हंटर उडवायचे, ज्यानं जास्त फोडले तो जिंकला.

सोयाबीन काढणीत न कापूस वेचणीत फक्त लहान मिशन. आणि लाईन गेल्यामुळं कोणी बाहेर पडला तर दहा मिनिटं त्याची जागा धरून ठेवा. कोणती लढाई, कोणाला कोणती बाजू, किती पेट्रोल, किती वाजता, हे गुरुवारी संध्याकाळीच ग्रुपवर टाकत जा, त्यानंतर बदल नाही.