घरगुती कामांसाठी वायरमन: निवड आणि तयारी

बडोद्यात आयटीआय झालेली मुलं मिळतात. तरसाली, गोरवा इथून दरवर्षी बॅच बाहेर पडतेच. दोन वर्षांत त्यांना वाइंडिंगपासून स्टार्टरपर्यंत सगळं दाखवलेलं असतं, फक्त रावपुऱ्यातल्या ओल धरलेल्या वाड्यात आरसीसीबी (करंट अर्थला गळला की सप्लाय तोडणारा स्विच) का टिकत नाही, ते नसतं. त्यामुळे मार्कशीट आणि वायरमन परमिट तपासा, पण निर्णय फॉल्ट-बोर्डवर, म्हणजे मुद्दाम बिघाड घातलेल्या बोर्डवर, घ्या.

प्लायवर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, दोन एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारे स्विच), एक दिवा, 6 आणि 16 अँपिअरचे सॉकेट लावा. तीन खोड्या करा: दिव्याचा स्विच फेजऐवजी न्यूट्रलमध्ये, एका सॉकेटची अर्थिंग तुटलेली, आणि दुसऱ्याचा न्यूट्रल स्क्रूपाशी सुटलेला, त्याच्या पुढे एक बल्ब चालू ठेवलेला. अर्धा तास द्या. टेस्टर दोन्ही भोकांत पेटला की 'डबल फेज आलाय' म्हणणारा उमेदवार अजून कच्चा आहे. न्यूट्रल तुटल्यावर बल्बमधून फेजच परत येतोय, हे त्याला कळायला हवं. त्याहून महत्त्वाचं, हात लावण्याआधी तो काय करतो ते पाहा. चालू पॉइंटवर व्होल्टेज मोजायचा मीटर तपासणं, सप्लाय बंद करणं, कामाच्या जागी मोजणं, आणि मीटर पुन्हा चालू पॉइंटवर लावून पाहणं. चौथी पायरी जवळजवळ सगळे गाळतात. ती शिकवता येते. पण 'एवढ्याला काय बंद करायचं?' म्हणणाऱ्याला घेऊ नका.

पहिला महिना नुसती हातसफाई: तार सोलताना एकही तंतू तुटता कामा नये, स्क्रूखाली इन्सुलेशन जाता कामा नये. दिव्यांना 1.5, 16 अँपिअरच्या सॉकेटला 2.5, गीझर-एसीला 4 चौरस मिलिमीटरची वायर. 16 अँपिअरचा टॉप (प्लग) जळला की नुसता टॉप बदलून येऊ नये. सॉकेटची पकड सैल असते, नवा टॉपही जळतो.

खरी शिकवणी आरसीसीबी ट्रिपची. एमसीबी एका पोलची असेल तर ती पाडूनही न्यूट्रल जोडलेलाच राहतो. समजा, बाथरूमचा न्यूट्रल ओलीमुळे अर्थला टेकलाय. बाथरूमची एमसीबी बंद, तरी स्वयंपाकघरात मिक्सर लावला की ट्रिप, कारण मिक्सरच्या परतीचा थोडा करंट त्या वाटेने अर्थला जातो. शिकाऊ मुलगा मिक्सरला दोष देतो. त्याला हे करायला लावा: मेन बंद, उपकरणांचे प्लग काढलेले, न्यूट्रल बारवरून सगळे न्यूट्रल सोडवून खुणा करायच्या, मग 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) एकेक न्यूट्रल अर्थशी मोजायचा. 1 मेगओहमच्या खाली दिसला तो गुन्हेगार. एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर (त्यांना सप्लाय देणारे सर्किट) आधी सोडवा, नाहीतर मेगर त्यांचाच जीव घेईल.

थ्री-फेज घरात मेन चालू असताना मुख्य न्यूट्रल कधीच सोडू नये. फ्रीज-टीव्हीवर 400 व्होल्टच्या आसपास जाऊ शकतात. डीबीच्या (एमसीबी बसवलेल्या पेटीच्या) दारावर हे लिहूनच ठेवा.

दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत सागाच्या बॅटनवर (लाकडी पट्टीवर) रबरी वायरिंग अजून सापडतं. वाकवलं की इन्सुलेशन गळून पडतं. तिथे होल्डर बदलायला गेलेल्याने आधी घरच्यांना सांगावं, 'काका, हात लावला तर ही लाइन नवीन ओढावी लागेल,' आणि खर्च कबूल करून घ्यावा. काम झाल्यावर सांगितलं तर ते काका तुमच्याच मुलाने बिघडवलं म्हणतील.