नव्या लॅपटॉपचं वायफाय गायब? आधी कार्ड तपासा
आधी एअरप्लेन मोड बंद आहे ना ते बघा. मग विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ उघडा. वायफायचं नाव पिवळ्या त्रिकोणासह दिसत असेल, तर बहुधा ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची भानगड असते. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (फोनचं इंटरनेट लॅपटॉपला देणं) सुरू करा आणि लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून त्याच मॉडेलचा ड्रायव्हर घ्या.

नावच नसेल, तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा आणि पुन्हा चालू करा. अडकलेलं कार्ड यानं बरेचदा जागं होतं. तरीही नाहीच? पेनड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी प्रणाली) चालवून ‘एलएसपीसीआय’ (lspci) ही जोडलेल्या कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा द्या. तिथेही कार्ड दिसलं नाही, तर दोष हार्डवेअरचाच समजा. ब्लूटूथही सोबत गेलं असेल तर संशय आणखी पक्का, कारण दोन्ही सहसा एकाच कार्डावर असतात.

मशीन नवं आहे, तेव्हा स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. बदलून मिळण्याची मुदत बघा, स्क्रीनचे फोटो काढा, तक्रार लेखी द्या. दुरुस्तीपेक्षा बदली मागितलेली बरी.

वॉरंटी संपल्यावर मात्र कार्ड स्वतः बदलता येतं, ते मदरबोर्डवर सोल्डर केलेलं नसेल तर. बहुतेक कार्डं एम.२ २२३० मापाची, म्हणजे २२ बाय ३० मिलिमीटर. इंटेलची सीएनव्हीआय प्रकारची (काही काम इंटेलच्याच प्रोसेसर-चिपसेटवर सोपवणारी) कार्डं एएमडीच्या मशीनवर चालत नाहीत. अँटेनाच्या बारीक टोप्या सरळ वर उचला. तिरक्या ओढल्या की तुटतात.